एमईएलवर टाकलेलं विमान

विमानातली वस्तू न् वस्तू चालू असल्याशिवाय ते उडत नाही, हा प्रवाशांचा गोड गैरसमज आहे. बिघाडाला या धंद्यात ‘स्नॅग’ म्हणतात. कोणता स्नॅग घेऊन उडायला हरकत नाही, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हे मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये, म्हणजे एमईएलमध्ये लिहिलेलं असतं. बी वर्गातल्या स्नॅगला 3 दिवसांची मुदत, सी वर्गातल्याला 10, डी वर्गातल्याला 120. इंजिनिअर टेक लॉगमध्ये नोंद करतो, ‘इनॉप’चा स्टिकर लावतो आणि विमान निघतं. यात लबाडी काही नाही. ही सोय नसती तर कुठल्याच कंपनीचं वेळापत्रक टिकलं नसतं. गोम वेगळीच आहे. यादी बहुतेकदा एकेका स्नॅगपुरतं बोलते. त्याच्या जोडीला त्या दिवशीचं वजन, ऊन आणि घाई धरून हिशेब करायचा तो माणसांनीच.

23 जुलै 1983 ला माँट्रियलमध्ये तो हिशेब चुकला. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग 767 मधली इंधन दाखवणारी यंत्रणा आधीच कुरकुरत होती. एका चॅनेलचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला की दुसऱ्यावर काम भागत होतं. तपासणी करताना एका तंत्रज्ञाने तो ब्रेकर परत आत ढकलला, मध्येच त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, ब्रेकर तसाच राहिला आणि इंधनाचे सगळे आकडे गायब झाले. एमईएलप्रमाणे अशा अवस्थेत उडताच येत नव्हतं. पण आधीच्या वैमानिकाशी झालेल्या बोलण्यातून कॅप्टन बॉब पिअर्सन यांचा समज झाला, की विमान असंच उडत आलंय.

मग टाक्यांत मोजपट्टीने माप घेतलं: 7,682 लिटर. त्याला गुणलं 1.77 ने. हा आकडा लिटरचे पौंड करतो; किलोसाठी साधारण 0.8 हवा होता. ताफ्यातलं मेट्रिक मापाचं हे पहिलंच विमान, आणि इंधनाच्या पावत्यांवर अजून जुनाच आकडा. उत्तर आलं 13,597, आणि सगळ्यांनी ते किलो म्हणून वाचलं. गरज 22,300 किलोंची होती; राहिलेलं इंधनही त्याच चुकीच्या आकड्याने मोजून भरलं. विमान निघालं ते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन. वाटेत ऑटावाला पुन्हा माप घेतलं, पुन्हा 1.77 नेच गुणलं. 41,000 फुटांवर इशारे वाजू लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. पिअर्सन हौसेने ग्लायडर उडवणारे, म्हणून विमान गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं. 69 माणसं वाचली.

आकड्यापुढे एकक लिहायचा कंटाळा करू नये, हे यातून पहिलं घ्यायचं. आणि आधीचा वैमानिक काय बोलला याला टेक लॉगची किंमत द्यायची नाही, मग तो कितीही वरिष्ठ असो.

माद्रिदला 20 ऑगस्ट 2008 रोजी नशिबाने साथ दिली नाही. स्पॅनएअरच्या एमडी-82 मध्ये बाहेरचं तापमान मोजणाऱ्या प्रोबचा हीटर जमिनीवरच तापत होता. विमान धावपट्टीजवळून परत आलं. हवा कोरडी, बर्फ धरायची शक्यता नाही. तंत्रज्ञांनी हीटरचा ब्रेकर ओढला आणि स्नॅग एमईएलवर टाकला. पण हीटर जमिनीवर का तापतोय, हे कोणी खणून पाहिलं नाही. त्याला जमिनीवर बंद ठेवणारा रिले टेकऑफच्या धोक्याचा भोंगाही सांभाळत होता. उशीर झालेला, चेकलिस्ट अर्धवट, फ्लॅप्स उघडायचे राहिले आणि भोंगा वाजला नाही. 172 पैकी 154 जण गेले. भोंगा का गप्प राहिला हे तपासातही ठामपणे सिद्ध झालं नाही, तरी स्नॅग पुढे ढकलताना ‘याच रिलेवर आणखी काय आहे?’ एवढं इंजिनिअरला विचारावंच. त्यात कमीपणा कसला?

वजनाचीही तीच तऱ्हा. अमेरिकेतल्या शार्लटला 8 जानेवारी 2003 रोजी कोसळलेल्या बीचक्राफ्ट 1900 चं वजन आणि समतोल कागदावर मर्यादेत होता, कारण माणसं वजनकाट्यावर नव्हे, सरासरीने मोजली होती. प्रत्यक्षात विमान जड होतं आणि भार शेपटीकडे झुकलेला. त्यातच दोन दिवसांपूर्वीच्या दुरुस्तीत एलेव्हेटरची केबल चुकीची बसवली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणायची ताकद जवळपास निम्मी झाली होती. मधल्या हलक्या फेऱ्या निभावल्या. ही निभावली नाही. 21 बळी गेले, आणि मग अमेरिकेत प्रवाशांचं सरासरी वजन वाढवून धरायला सुरुवात झाली.

बारामती-गोंदियात उड्डाण शिकणाऱ्या पोरांनी सेस्ना 172 च्या चार सीटांना भुलू नये. टाक्या काठोकाठ आणि चार धडधाकट माणसं, एवढ्यानेच बहुधा मर्यादा ओलांडते. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी हवा विरळ होते, तेव्हा कागदावरच्या मर्यादेइतकंही वजन घेऊन उडणं महागात पडू शकतं. तिथे अंदाज नको, काटा हवा.

चार्टर विमानाने किंवा हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी वजन विचारल्यावर लाजून पाच-दहा किलो खाऊ नयेत, आणि बॅग मागे ठेवा म्हणणाऱ्या पायलटशी हुज्जत घालू नये. 2001 साली बहामाजमध्ये गायिका आलिया आणि तिच्याबरोबरचे आठ जण ज्या सेस्ना 402 च्या अपघातात गेले, ते विमान मर्यादेपेक्षा शेकडो पौंडांनी जड होतं.