तिकिटांच्या लिलावात समोरचा बोलीवाला खरा की विक्रेत्याचाच माणूस?

मागच्या व्हिडिओत आपण जुनी टपाल तिकिटं घेऊन विकण्याचा छोटा धंदा पाहिला. त्यानंतर आपल्या बोरगाव मेघेच्या बॅचमधली एक ताई वही घेऊन आली. बचत गटातून उचललेल्या पैशातून तिनं ऑनलाइन लिलावात संस्थानी तिकिटांचे दोन लॉट घेतले होते. वही पुढे ठेवून म्हणाली, "सर, मले फसवलं का जी?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला लगेच हो किंवा नाही म्हणता आलं नाही. आजही शंभर टक्के म्हणता येत नाही. पण तिच्या दोन्ही लिलावांच्या नोंदी आम्ही दोन तास वाचत बसलो, आणि त्यातून जे शिकायला मिळालं ते इथं लिहितो. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून सावकाश वाचा.

आधी थोडं आपल्या जागेबद्दल. तिकिटांच्या धंद्यात वर्ध्याचं नाव मोलाचं आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडची, आणि त्यावर 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत. गव्हर्नर जनरलच्या कामासाठी यातल्या थोड्या तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शब्द वरून छापला होता. त्या छापाच्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची जोडपट्टी २०१७ मध्ये स्टॅन्ली गिबन्स या लंडनच्या कंपनीनं पाच लाख पौंडांना विकली. दुसरी गोष्ट सेवाग्रामची. गावाचं मूळ नाव सेगाव. बापूंची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. आता विचार करा, 'सेगाव, वर्धा' असा पत्ता असलेलं जुनं पाकीट कुणी लिलावात टाकलं तर आपल्यासारख्या माणसाचा हात किती लवकर मोबाईलकडे जाईल! विक्रेत्यालाही हे माहीत असतं. जिथं मन गुंततं तिथंच बोली फुगवणं सोपं जातं.

बोली फुगते कशी

कापूस घेऊन हिंगणघाटच्या यार्डात गेला असाल तर लिलाव तुम्हाला नवा नाही. तिथं बोली लावणारा माणूस समोर दिसतो. ऑनलाइन लिलावात फक्त 'क*७' असं अर्धं झाकलेलं नाव दिसतं. विक्रेत्याचा भाऊ, मित्र किंवा त्याचंच दुसरं खातं घेणार नसतानाही भाव चढवायला बोली लावतं, याला आपण डमी बोली म्हणू.

याचं खरं हत्यार म्हणजे साइटची आपोआप बोली लावणारी सोय. समजा तुम्ही तुमची कमाल किंमत २,००० टाकली. दुसऱ्याची कमाल ९०० आहे आणि वाढीचा टप्पा ५० चा. साइट तुमच्यातर्फे ९५० वर थांबते. उरलेले १,०५० तुमच्या खिशात. आता डमी येतो. तो १,००० टाकतो, साइट तुम्हाला १,०५० वर नेते. तो १,१०० टाकतो, तुम्ही १,१५०. अंधारात काठीनं विहिरीचा तळ शोधावा तसा तो तुमची कमाल किंमत शोधत वर चढतो. तळाच्या जरा आधी थांबला तर तुम्ही जवळजवळ २,००० ला जिंकता आणि त्याचं काम होतं. चुकून तुमच्या पुढे गेला, तर बोली मागे घेतो. तेही जमलं नाही तर तोच 'जिंकतो', पैसे भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा गोड निरोप येतो की जिंकणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, तुमच्याच शेवटच्या बोलीला तुम्ही घ्या.

ताईच्या वहीत नेमकं हेच होतं. पहिल्या लॉटला तिची कमाल २,५००. दुसरा २,६०० ला जिंकला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तिनं २,५०० ला घेतला. दुसऱ्या लॉटला कमाल ४,०००. सात दिवसांचा लिलाव, आणि तिसऱ्या दिवशी एकाच खात्यावरून नऊ मिनिटांत अकरा बोली. १,५०० पासून चढत चढत ३,९०० ला थांबला, नंतर शेवटपर्यंत फिरकलाच नाही. ताई ४,००० ला जिंकली. नंतर हा लॉट तिनं विकला २,३०० ला. म्हणजे १,७०० रुपये गेले, आणि गटाचा हप्ता मात्र चुकला नाही, तो तिनं शिवणकामाच्या पैशातून भरला.

शंका कधी घ्यायची, कधी नाही

बोलीचा इतिहास उघडा. ईबेसारख्या साइटवर झाकलेल्या नावावर क्लिक केलं की त्या खात्याचा मागच्या तीस दिवसांचा सारांश दिसतो: किती बोली, किती वस्तूंवर, किती वेळा बोली मागे घेतली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातल्या किती टक्के बोली याच विक्रेत्याच्या मालावर. ताईच्या त्या खात्याचा हा आकडा ९४ टक्के होता. खात्याचा अभिप्रायाचा आकडा एकेरी. आणि आम्ही विक्रेत्याचे जुने लिलाव पाहिले, तर याच नावानं 'विकलेले' दोन लॉट पुढच्या आठवड्यात पुन्हा लिलावाला. मला तिथंच खटकलं.

पण इथं घाई करू नका. अकरा छोट्या बोली हा एकटा पुरावा नाही. नवखा माणूस असाच बोलतो, मी स्वतः सुरुवातीला असाच शंभर-शंभरनं चढायचो. एकाच विक्रेत्याकडे जास्त बोली याचाही साधा अर्थ असू शकतो. होळकर संस्थानाची तिकिटं नीट विकणारा एकच दुकानदार असेल, तर त्या विषयाचा वेडा संग्राहक त्याच्याकडेच जाणार ना! बोली मागे घेणंही कधी एक शून्य जास्त पडल्यामुळे होतं. एकेक खूण सुटी पाहिली तर दर दुसरा लिलाव संशयास्पद वाटेल आणि तुम्ही धंदाच सोडाल. तीन-चार खुणा एकाच खात्यावर, एकाच विक्रेत्याबरोबर, पुन्हा पुन्हा दिसल्या, आणि तो कधीच शेवटच्या तासात लढत नसेल, तर मग बाजूला व्हा. खऱ्या घेणाऱ्याला वस्तू हवी असते, म्हणून तो शेवटी परत येतो.

व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपवरचे लिलाव वेगळे. ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं, त्यानंतर आपल्याकडचा बराच छोटा व्यवहार अशा ग्रुपवर किंवा लिलाव कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर होतो. ग्रुपवर नाव दिसतं, तो फायदा. पण ॲडमिन, विक्रेता आणि 'समोरचा' एकाच चहाच्या टपरीवरचे असतील तर ते कळायला मार्ग नाही. दोन महिने फक्त बघा, कोण बोलतो आणि कोण खरंच घेतो याची नोंद ठेवा.

फसवणूक फक्त विक्रेतेच करतात असंही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत अकरा घाऊक तिकीट व्यापाऱ्यांनी टोळी केली होती. लिलावाआधी ते आपापसात गुप्त बोली लावायचे, त्या चिठ्ठ्या गोळा करायला एक टॅक्सीवाला ठेवला होता! त्यात जी बोली सगळ्यात मोठी, तिच्या मर्यादेपर्यंतच टोळीतर्फे खऱ्या लिलावात बोली लागायची, बाकीचे गप्प. जॉन आस्कर या अर्थशास्त्रज्ञानं त्यांच्या नोंदींवर २०१० मध्ये अभ्यास छापला. त्यातली गंमत अशी की टोळीत पैसे वाटून घ्यायच्या लोभानं सभासद आतल्या आत जास्त बोलायचे, त्यामुळे कधी कधी टोळीबाहेरच्या साध्या घेणाऱ्यालाही महाग पडायचं. भाव पाडणाऱ्यांनीसुद्धा भाव चढवला.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे यासाठी नवा सायबर कायदा शोधायची गरज नाही. १९३० चा मालविक्री कायदा, कलम ६४. विक्रेत्यानं आधी जाहीर केलं नसेल, तर त्यानं स्वतः किंवा कुणाकरवी बोली लावणं बेकायदेशीर. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल, तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. ब्रिटनमध्ये २०१० साली स्वतःच्याच मालावर बोली लावणाऱ्या एका विक्रेत्याला ब्रॅडफर्डच्या कोर्टानं ५,००० पौंड दंड ठोठावला.

अडचण पुराव्याची आहे. दोन खाती एकाच घरातली आहेत हे साइटलाच कळतं, तुम्हाला नाही. म्हणून लिलाव चालू असतानाच बोलीच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट काढा, नंतर ती पानं निघून जातात. आधी साइटकडे लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे देऊन माल आलाच नाही असा प्रकार असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि तिथं फोन पहिल्या काही तासांतच करायचा. (कायद्याचं साल आणि हेल्पलाइनचा नंबर एकच, लक्षात ठेवायला सोपं.) ताईनं साइटकडे तक्रार केली. 'चौकशी करू' एवढंच उत्तर आलं, निकाल कळला नाही. पैसे परत आले नाहीत.

आता तुम्ही विक्रेते असाल तर. दर बॅचला कुणीतरी हळूच विचारतं, "सर, सुरुवातीला बहिणीला दोन बोली लावायला सांगू का? लॉट रिकामा दिसतो." नाही. ती बहीण असली तरी कलम ६४ तेच आहे. भाव पडायची भीती असेल तर सुरुवातीची किंमतच वर ठेवा किंवा राखीव किंमत जाहीर करा, दोन्ही कायदेशीर आहे. राखीव किंमत ठेवली की बोली कमी येतात, हे खरंय. ते सोसायचं.

तुमची कमाल किंमत काढा

डमी तुमच्या कमाल किमतीपर्यंतच नेऊ शकतो, त्यापुढे नाही. म्हणून खरं संरक्षण कागदावरच्या हिशोबात आहे. समजा लॉट ५,००० ला विकला जाईल असं जुन्या झालेल्या विक्रीवरून दिसतंय. मागितलेल्या किमतीवरून नाही, झालेल्या विक्रीवरून. विकायचा खर्च ६००, टपाल १५०, नफा १,००० धरा. उरले ३,२५०. लिलाव कंपनी बोलीवर १५ टक्के प्रीमियम लावत असेल तर ३,२५० ला १.१५ नं भागा, म्हणजे साधारण २,८२५. ही तुमची रेघ, यावर एक रुपया नाही. आकडा लिलाव सुरू व्हायच्या आधी लिहायचा, कारण बोली चालू झाली की आपलं गणित बदलतं, मी अनुभवलंय.

वेळ ठरलेला असेल तर ही बोली अगदी शेवटी टाका, म्हणजे काठीनं तळ शोधायला वेळच उरत नाही. काही साइट शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढवतात, तिथं याचा उपयोग नाही, तिथं फक्त रेघ. आणि 'दुसऱ्यानं पैसे भरले नाहीत' असा निरोप आला तर शेवटच्या बोलीला हो म्हणू नका. डमी दिसतोय त्याच्या सगळ्या बोली वगळा, खऱ्या माणसांत तुम्ही कितीला जिंकला असता ते काढा, तेवढंच सांगा. ताईच्या पहिल्या लॉटला तो आकडा १,३५० निघाला होता.

या आठवड्याचं काम: संपलेले पाच लिलाव उघडा, प्रत्येकाचा बोलीचा इतिहास वहीत उतरवा, आणि खालून दुसऱ्या क्रमांकाच्या खात्याचा या विक्रेत्याशी किती टक्के व्यवहार आहे तो शेजारी लिहा. ताईनं आतापर्यंत बावीस उतरवलेत. पुढच्या रविवारी तिची वहीच आपण बॅचमध्ये उघडणार आहोत.