प्रोजेक्टची मीटिंग आणि बचत गट

आपल्या प्रोजेक्ट मीटिंगचा निम्मा वेळ चहात जातो, मग सबमिशनच्या आठवड्यात धावपळ! उमरगा तालुक्यातले बचत गट बघा. २०११ साली सुरू झालेल्या 'उमेद' अभियानाची पंचसूत्री अशी : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. बैठक दर आठवड्याला. हप्ता सर्वांसमोर मोजायचा, लगेच वहीत लिहायचा. त्यामुळे कोणाचा थकला तर त्याच दिवशी कळतं, मार्गही वेळेत काढता येतो.

मला वाटतं, आपणही तीनच प्रश्न विचारावेत : ठरलं काय, झालं किती, अडलं कुठे? उत्तर आकड्यात द्यावं, पुढचं काम नाव-तारखेसह लिहावं. मात्र अडचण सांगणाऱ्याला झापू नका; नाहीतर पुढच्या वेळी तो 'चालू आहे' एवढंच म्हणेल, आणि खरी अडचण व्हायव्हाच्या दिवशी कळेल.