एकवीस प्रकारांच्या यादीत मेंदूची इजा का नाही?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांचा मोटारसायकलवरून अपघात झाला. डोक्याला जबर मार होता. आता हातपाय व्यवस्थित चालतात, पण सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही आणि एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर घेतात. ते सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो तर ‘हा प्रकार यादीतच नाही’ म्हणून परत पाठवलं. अमेरिकेत यासाठी वेगळा कायदा आहे म्हणे. मग आपल्याकडे का नाही?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धंच बरोबर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत एकवीस प्रकार आहेत आणि अपघाताने झालेली मेंदूची इजा त्यांत नावाने नाही. पण इजेचे परिणाम आहेत. अर्धांगवायू राहिला असेल तर अस्थिव्यंग, बोलणं गेलं असेल तर वाचा व भाषा दोष. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही फक्त उदाहरणं म्हणून दिली आहेत, यादी तिथे बंद होत नाही. आणि विचार, स्मरण, मनःस्थिती यांतल्या ज्या बिघाडामुळे निर्णयशक्ती, वागणूक किंवा रोजचे व्यवहार कोलमडतात, तो कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘मानसिक आजार’ या सदरात मोडतो.

इथे घरची माणसं बिचकतात. प्रमाणपत्रावर ‘मानसिक आजार’ लागला तर गावात काय म्हणतील, लहान बहिणीचं लग्न कसं जमेल, या धास्तीने अर्ज कपाटात राहतो. भीती खोटी नाही. म्हणूनच स्वतंत्र नाव हवं. तोवर अडून बसू नका. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचे अहवाल आणि स्मरणशक्ती, लक्ष, निर्णयक्षमता मोजणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीचा अहवाल जोडून अर्ज पुन्हा करा. ही शेवटची चाचणी महत्त्वाची, कारण भाऊजी वैद्यकीय मंडळासमोर पाच मिनिटं अगदी शहाण्यासारखं बोलतील आणि स्कॅनही कदाचित बरा दिसेल.

नोकरीचं आधी सांगते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं. कलम 20(4). कोणी ‘स्वेच्छानिवृत्तीवर सही करा’ म्हटलं तर सही करण्याआधी हे कलम त्यांच्यापुढे ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, ॲसिड हल्ला हे नंतर आले, आणि यांतल्या बहुतेकांच्या पाठीशी रुग्णांच्या व पालकांच्या संघटना होत्या. हिमोफिलियाच्या मुलांचे आईवडील वर्षानुवर्षं त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर भेटतात; संघटना तिथेच उभी राहते. डोक्याला मार लागलेला माणूस मात्र वॉर्डातून सुटला की आपापल्या गावी जातो. शेजारच्या खाटेवरच्याचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नसतं. ज्याला इजा झाली तो स्वतः शिष्टमंडळ नेऊ शकत नाही, आणि जी नेऊ शकली असती ती बायको त्याला सांभाळून पोट भरण्यात पिचलेली असते.

अमेरिकेतही सरकारला आपणहून जाग आली नाही. मॅरिलिन स्पिवॅक यांच्या मुलीला अपघातात मेंदूची इजा झाली होती. त्यांच्या पुढाकाराने 1980 साली नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. 1990 मध्ये तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार आला आणि तुम्ही ऐकलेला कायदा 1996 चा. म्हणजे संस्था निघाल्यापासून सोळा वर्षं. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट या मुलाच्या नावाने कायदा झाला : खेळताना डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. काही वर्षांत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले.

आपल्याकडे डोकं हा विषय चळवळीचा झाला तो पुण्यात, हेल्मेटसक्तीच्या विरोधात! कृती समिती, मोर्चे, सगळं झालं. त्यातला निम्मा उत्साह डोकं फुटलेल्यांच्या वाट्याला आला असता तर हे उत्तर लिहावं लागलं नसतं.

सरकारी धोरणाची नजरही अपघाताच्या जागेपाशीच थांबते. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि 4,43,366 जखमी झाली. या जखमींपैकी किती जणांचा मेंदू कायमचा दुखावला, हे त्या आकड्यात नाही. मदत करणाऱ्या वाटसरूला 2019 च्या कायदादुरुस्तीने संरक्षण मिळालं, ते चांगलंच झालं. 2025 मध्ये रोकडरहित उपचारांची योजनाही आली : दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. जीव वाचवायला सात दिवस पुरतील. पण पुन्हा बोलायला, हिशेब करायला, राग आवरायला शिकवणारे उपचार महिनोन् महिने चालतात आणि ते घरच्यांच्या खिशातून होतात.

यादी बदलायला नवा कायदा लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. कलम 99 प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून अनुसूचीत भर घालू शकतं, आणि तशी शिफारस राज्य सरकारला करता येते. महाराष्ट्रात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, आयुक्तालय पुण्यात आहे. तेव्हा भाऊजींचा अर्ज करालच, त्याबरोबर एक निवेदन आयुक्तांना द्या आणि प्रत तुमच्या आमदारांना. मागणी एकच ठेवा : मेंदूची इजा अनुसूचीत घेण्याची शिफारस राज्याने करावी. एकटीच्या सहीने देऊ नका. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेंदूशल्यचिकित्सकांच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसा, तुमच्यासारखी घरं तिथे भेटतील. त्यांच्याही सह्या घ्या.