परिषद संपली, मुंबई पाहू

गावाकडची माणसे परिषदेला मुंबईला जातात. कधी सहकाराची परिषद असते, कधी शेतीची, कधी बचत गटांचा मेळावा असतो. दोन दिवस भाषणे ऐकायची, जेवणाच्या रांगेत उभे राहायचे आणि रात्रीची गाडी धरून घरी यायचे. घरी पोरे विचारतात, "मुंबईत काय पाहिलं?" आपण म्हणतो, "मांडव पाहिला!"

असे होऊ नये म्हणून हा पाठ लिहिला आहे. मंडळी, हा सावकाश वाचा.

१. बेत ठरला

माणदेशातल्या एका गावाहून तीन माणसे पाणी परिषदेला मुंबईला गेली होती. एक आबा. वय पासष्ट. मागल्या वर्षी रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकले. दुसऱ्या अक्का. त्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्याही त्याच वर्गात शिकल्या. तिसरा गावच्या संस्थेचा तरुण चिटणीस.

परिषद मंगळवारी संपली. परतीची गाडी बुधवारी रात्री होती. एक दिवस मोकळा सापडला.

चिटणीस म्हणाला, "आपण नटनट्यांचे बंगले पाहू."

अक्का म्हणाल्या, "बंगल्याचं फाटकच दिसंल. आत कोण बोलावतंय? त्यापेक्षा घारापुरीची लेणी पाहू."

आबा गप्प होते. मग हळूच म्हणाले, "म्या समुद्र बघितला न्हाई. तेवढा दाखवा."

लेणी बेटावर आहेत, तेव्हा दोन्ही गोष्टी एका वाटेत बसल्या. ही लेणी सोमवारी बंद असतात. हातात बुधवार होता, म्हणून बेत जमला.

अक्कांनी आणखी एक गोष्ट ठरवली. त्या म्हणाल्या, "येण्या-जाण्याचा खर्च संस्थेनं दिलाय. फिरण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. दोन हिशेब एका वहीत नकोत." तिघांनी ते मान्य केले.

२. आगगाडीची पाटी

मंडळी दादरला उतरली होती. सकाळी ती लोकल गाडी धरायला फलाटावर आली. गाडी आली. एका डब्याच्या दाराशी गर्दी कमी होती. चिटणीस तिकडे धावला. अक्कांनी त्याचा सदरा मागून धरला.

"अरे, पाटी वाच की!"

डब्यावर लिहिले होते, 'प्रथम श्रेणी'. तिघांची तिकिटे साध्या डब्याची होती. तसेच आत शिरले असते तर दंड भरावा लागला असता. चिटणीस बारावी पास, पण घाईत त्याने वाचले नव्हते. अक्कांना वाचायला येऊन एकच वर्ष झाले होते. त्या प्रत्येक पाटी वाचत होत्या!

अर्ध्या तासाच्या आत गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचली. हे स्थानक म्हणजे एक प्रेक्षणीय वास्तूच आहे. त्याचे बांधकाम १८७८ साली सुरू झाले. ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. दगडात पाने, फुले, पशुपक्षी कोरले आहेत. त्या कोरीवकामाला मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. २००४ साली या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली.

मंडळींनी आपली गाठोडी स्थानकाच्या सामानघरात ठेवली आणि पावती जपून घेतली. हात मोकळे झाले.

३. हुतात्मा चौक

तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. चौकात एक शेतकरी आणि एक कामगार मशाल धरून उभे आहेत. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून मोठी चळवळ झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे मोर्चावर गोळीबार झाला. सगळ्या चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढल्या वर्षी हे स्मारक उभारले गेले.

आबांनी टोपी काढली. म्हणाले, "शेतकरी अन् कामगार. एकाच घरातले दोन भाऊ असावेत तसे दिसतात."

असे ते का म्हणाले, ते पुढे कळेल.

४. लाँचने घारापुरीला

गेटवे ऑफ इंडिया ही समुद्राच्या काठावरची मोठी कमान आहे. तिची उंची सुमारे ८५ फूट. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईत उतरला. त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली पुरी झाली. पण गंमत पाहा. राजाच्या स्वागतासाठी बांधलेल्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण देश सोडून गेली.

कमानीजवळ एक माणूस पुढे आला. "घारापुरी ना? चला लवकर, शेवटची लाँच सुटते आहे. पैसे काढा!" त्याने सांगितलेला भाव ऐकून आबा खिशात हात घालू लागले.

अक्का म्हणाल्या, "थांबा आबा. तिथं खिडकी दिसती. दराची पाटी वाचू."

पाटीवरचा दर बराच कमी होता. आणि लाँच तर थोड्या थोड्या वेळाने सुटत होत्या. मंडळींनी खिडकीवर तिकिटे काढली. परत फिरून पाहतात तो, तो माणूस नाहीसा झाला होता.

लाँचमध्ये बसताना तरंगते जाकीट अंगावर घातले. चिटणीस म्हणाला, "उकडतंय. राहू द्या."

मंडळी, असे करू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर एका प्रवासी लाँचला एक वेगवान बोट धडकली. लाँच बुडाली. दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. पाण्यावर उकाडा सोसावा, पण जाकीट काढू नये. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा लाँच बंदही ठेवतात. अशा वेळी हट्ट धरू नये.

लाँच सुटली. आबा काठाशी बसले होते. चारी बाजूंना पाणीच पाणी! आमच्या माणदेशात टँकरची वाट पाहणारी माणसे आम्ही. आबांनी उडालेला तुषार जिभेला लावला आणि तोंड वाकडे केले.

"एवढं पाणी, अन् घोटभर प्यायला न्हाई! मग ही मुंबई पिती काय?"

चिटणिसाने परिषदेत ऐकले होते, ते सांगितले. मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते. विहार आणि तुळशी हे दोन तलाव शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे तानसा, भातसा, वैतरणा असे लांबचे. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांत पाऊस अडवतात आणि मोठमोठ्या नळांतून ते पाणी इथवर आणतात.

"म्हंजे गावचं पाणी शहराला," आबा म्हणाले. "मग परिषद मुंबईत भरवली, हे ठीकच केलं."

५. महादेवाने गंगा कशी अडवली

सुमारे तासाभराने घारापुरी आली. हे बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. इथे तीन लहान वस्त्या आहेत. बेटाची स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि ती पर्यटकांकडून छोटा कर घेते. अक्कांनी पावती पाहून मान डोलावली. "गावाचं उत्पन्न गावात राहातंय. चांगलं हाय."

मुंबईचे दिवे या बेटावरून रोज रात्री दिसत. पण इथल्या घरांत कायमची वीज आली ती २०१८ साली! समुद्राच्या तळातून तार टाकून ती आणावी लागली.

धक्क्यापासून पुढे गेल्यावर सुमारे सव्वाशे पायऱ्या चढाव्या लागतात. आबा दोनदा बसले, पाणी प्याले आणि चढले.

ही लेणी सुमारे चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीची आहेत. इथे दगडावर दगड रचलेला नाही. उभा डोंगर आतून कोरत नेला आहे. खांब, छत, मूर्ती, सारे एकाच खडकातले. आत समोरच्या भिंतीत शंकराची तीन मुखांची मूर्ती आहे. उंची सुमारे अठरा फूट. मधले मुख शांत, डोळे मिटलेले. एका बाजूचे मुख उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. अनेक मूर्तींचे हातपाय मोडलेले आहेत. तरी मधल्या मुखाकडे पाहिले की माणूस आपोआप गप्प होतो.

तिच्या शेजारी गंगाधर शिवाची मूर्ती आहे. गंगा स्वर्गातून खाली येते आणि महादेव तिला जटेत झेलतात, असा तो देखावा.

आबा बराच वेळ पाहात राहिले. मग म्हणाले, "गंगा एकदम खाली आली असती तर माती वाहून गेली असती. देवानं आधी पाणी अडवलं, मग हळूहळू सोडलं. आपली पाणी परिषद हितं केव्हाच होऊन गेलीया!"

१९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. या बेटावर पूर्वी दगडाचा एक मोठा हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात आहे.

६. बाग वर, पाणी खाली

तिसऱ्या प्रहरी मंडळी परत गेटवेला आली. मलबार हिलला जाणाऱ्या बसचा आकडा एका पोलिसाला विचारला. बस आली तेव्हा तिच्या कपाळावरचा आकडा आबांनी स्वतः वाचला आणि मगच पाय उचलला.

मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. इथे झुडपे कापून त्यांना जनावरांचे आकार दिले आहेत. पण पाणी परिषदेच्या माणसांना खरी मौज निराळीच. या बागेच्या खाली पाण्याचा मोठा साठा आहे. दक्षिण मुंबईतल्या हजारो घरांना तिथून पाणी जाते. वर पोरे खेळतात, खाली पाणी झाकलेले राहते. ऊन लागत नाही, घाण पडत नाही. अक्कांनी हे वहीत टिपून घेतले.

समोरच कमला नेहरू उद्यान आहे. तिथे 'म्हातारीचा बूट' आहे. तिथून खाली पाहिले की चौपाटी आणि समुद्राचा वळणदार काठ दिसतो.

७. आबांचे कार्ड

सूर्य कलला तेव्हा मंडळी गिरगाव चौपाटीवर आली. लोकमान्य टिळकांवर १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा इथे आहे.

समुद्र पुष्कळ मागे गेला होता. ती ओहोटीची वेळ होती. चंद्र आणि सूर्य समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढतात. त्यामुळे दिवसातून साधारण दोनदा पाणी चढते. ती भरती. दोनदा ते उतरते. ती ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. उधाणाच्या वेळी, विशेषतः पावसाळ्यात, काठापासून लांब राहावे.

तिघांनी भेळ घेतली. वाळूत बसली. आबांनी खिशातून एक जुने पिवळे कार्ड काढले.

"हे माझ्या थोरल्या भावाचं. गिरणीत होता, लालबागला. १९७८ सालचं हाय."

त्या वेळी आबांना वाचता येत नव्हते. गावातल्या एका माणसाने कार्डावर नजर फिरवली आणि सांगितले, "खुशाल आहे. पैसे पाठवले आहेत." तो घाईत होता. आबांनी कार्ड देवळीत ठेवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. आबांच्या भावाची नोकरी गेली. तो गावी आला. काही वर्षांनी वारला.

मागल्या वर्षी आबा वाचायला शिकले. त्यांनी ते कार्ड शोधून काढले. आता ते सावकाश, एकेक अक्षर जोडून वाचू लागले.

"मी खुशाल आहे. तीस रुपये पाठवले आहेत. सुगी झाली की चार दिवस इकडे ये. तुला समुद्र दाखवीन. चौपाटीवर बसू. नक्की ये. मी वाट पाहतो."

आबा थांबले.

"हे त्यानं मला वाचूनच दावलं न्हाई. म्या गेलो न्हाई. भावाला वाटलं असंल, मला यायचं न्हवतं. त्यानंबी कधी इचारलं न्हाई."

कोणी काही बोलले नाही. चिटणिसाने हातातली भेळ खाली ठेवली. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "आबा, तुम्ही आज आलात. बोलावल्यावरून आलात."

आबांनी कार्ड परत खिशात ठेवले. उठून पाण्यापर्यंत गेले आणि पाय भिजवून आले.

रात्रीची गाडी वेळेवर मिळाली.

लक्षात ठेवा
परिषदेला जाण्याआधीच पाहायची ठिकाणे ठरवा. ती कोणत्या वारी बंद असतात ते विचारा.
सामान सामानघरात ठेवा. पावती जपा.
दराची पाटी स्वतः वाचा. मगच पैसे द्या.
लाँचमध्ये तरंगते जाकीट घाला.
एका दिवसात दोन-तीन ठिकाणेच पाहा, पण नीट पाहा.

नवे शब्द
प्रेक्षणीय – पाहण्यासारखे
वास्तू – इमारत
हुतात्मा – चांगल्या कामासाठी प्राण देणारा
उधाण – समुद्राची मोठी भरती
सुगी – पीक काढण्याचा हंगाम

प्रश्न
१. चिटणीस चुकीच्या डब्यात का शिरत होता?
२. मुंबईला पिण्याचे पाणी कोठून येते?
३. गंगाधराची मूर्ती पाहून आबा काय म्हणाले? तुमच्या गावात पाणी कसे अडवता येईल?
४. कार्ड पुरते वाचून न दाखवल्यामुळे काय झाले?
५. तुमचे कोणी माणूस दूर गावी आहे का? त्याला चार ओळींचे पत्र स्वतः लिहा. त्याचे पत्र आले तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.