थोड्या तारा, जवळचे मार्ग

प्रस्तावना

समजा, रायपूर शहरातील दहा ठिकाणे तारांनी जोडावयाची आहेत. एका ठिकाणाहून तीनपेक्षा अधिक तारा निघू शकत नाहीत. तरीही कोणताही संदेश जास्तीत जास्त दोन टप्प्यांत पोहोचला पाहिजे. हे शक्य आहे काय? संगणक परस्परांशी जोडतानाही असाच प्रश्न उद्भवतो.

मूळ पाठ

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्यास गणितात ‘आलेख’ म्हणतात. बिंदूतून निघणाऱ्या रेषांची संख्या ही त्याची ‘कोटी’, तर परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन बिंदूंमधील टप्प्यांची संख्या हा आलेखाचा ‘व्यास’ होय.

तेलीबांधा हे ठिकाण घेऊ. तेथून तीन तारा तीन शेजाऱ्यांकडे जातात. प्रत्येक शेजाऱ्याकडे आणखी दोन तारा उरतात. त्या फार तर सहा नव्या ठिकाणी पोहोचतील. १ + ३ + ६ = १०. म्हणजे अकरावे ठिकाण या अटींत बसणार नाही.

परंतु दहा ठिकाणे खरोखर जोडता येतील काय? १ ते ५ या अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या दहाच होतात. प्रत्येक ठिकाणास एक जोडी द्यावी आणि ज्या जोड्यांत एकही अंक समान नाही, त्यांच्यामध्ये तार टाकावी. १-२ ही जोडी ३-४, ३-५ व ४-५ यांना जोडली जाईल. १-२ आणि १-३ यांच्यात थेट तार नाही. पण ४-५ मार्गे दोन टप्प्यांत जाता येते. अंकांची अदलाबदल केली तरी हा नियम बदलत नाही. म्हणून सर्व ठिकाणे समान ठरतात आणि एकाची तपासणी दहांनाही लागू पडते. हीच समरूपता होय. हा आलेख डॅनिश गणितज्ञ पीटरसन यांच्या नावाने ओळखला जातो.

मराठी गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे नावही अशाच एका समरूप आलेखास लाभले आहे. त्यांचे काही शिक्षण नागपुरात झाले. रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्याची नागपूर ही राजधानी होती. त्यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या आलेखात १६ बिंदू असून प्रत्येकाची कोटी ६ आहे. कोणत्याही दोन बिंदूंना नेमके दोन समान शेजारी असतात. म्हणून त्याचा व्यास २ आहे. मात्र वरील मोजणीने ६ कोटीसाठी मर्यादा ३७ येते. मर्यादा काढणे सोपे, ती गाठणे दुर्मीळ!

हॉफमन आणि सिंगलटन यांनी १९६० मध्ये दाखविले की, व्यास २ असता ही मर्यादा केवळ २, ३, ७ किंवा ५७ कोटीलाच गाठता येईल. ७ कोटीचा ५० बिंदूंचा आलेख त्यांनी रचला. ५७ कोटीचा ३२५० बिंदूंचा आलेख अस्तित्वात आहे किंवा नाही, याचा सर्वमान्य निर्णय अद्याप झालेला नाही.

पाठगत प्रश्न

१. २-४ ही जोडी कोणत्या तीन जोड्यांना जोडली जाईल?
२. ७ कोटीसाठी ५० ही मर्यादा कशी येते, ते मोजून दाखवा.
३. समरूपतेमुळे तपासणी सोपी का होते?