अस्थींची घडण व शरीरश्रमाचा परिणाम

(इयत्ता पाचवी ते आठवीच्या सामान्य विज्ञान व आरोग्य या विषयांस पूरक पाठ)

हाड म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे माळावर पडलेला गुराचा कोरडा, पांढरा सांगाडा उभा राहतो. त्यामुळे हाड म्हणजे शरीरातील एक निर्जीव खांब, अशी त्यांची समजूत होऊन बसते. आणि प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात एवढे पाठ केले की विषय संपला, असे त्यांस वाटते. वस्तुतः हाड हा रक्तवाहिन्या व पेशी यांनी युक्त असा जिवंत अवयव आहे आणि त्यावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलत जाते. हे एक तत्त्व मुलांच्या मनावर बिंबले, तर खेळाचा तास, ताटातील अन्न आणि डोक्यावरचे ओझे या तिन्ही गोष्टींकडे ती निराळ्या दृष्टीने पाहू लागतील. शिक्षकांनी हा हेतू मनात धरून पाठाची आखणी करावी.

१. हाड कशाचे बनते?

शहापूर-मुरबाड भागातील मुलांना कुडाची भिंत परिचित असते. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा लेप देतात. नुसत्या काठ्या लवतात, नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. हाडाचेही तसेच आहे. त्यात प्रथिनाचे चिवट तंतू असतात व त्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांचे कठीण लेपन असते. वजनाने सुमारे दोन-तृतीयांश भाग क्षारांचा असतो.

हे दाखविण्यास दोन प्रयोग पुरेत. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड शिरक्यात बुडवून ठेवावे व दर दोन दिवसांनी शिरका बदलावा. आठवड्याभरात क्षार विरघळून हाड ओल्या वेताप्रमाणे वाकू लागते. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः चुलीच्या निखाऱ्यांत पांढरे होईपर्यंत भाजावे. त्यातील तंतू जळून जातात आणि थंड झाल्यावर ते बोटांनी दाबताच चुरते. पहिल्यात लेप गेला, दुसऱ्यात काठ्या गेल्या, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

२. थोड्या द्रव्यात अधिक बळ

मांडीचे किंवा दंडाचे लांब हाड मध्ये पोकळ असते. कागदाचा एक ताव दोन विटांवर सपाट ठेवावा व त्यावर पाटी ठेवून पाहावी. तो लगेच खाली वाकतो. तोच ताव घट्ट गुंडाळून नळी केली तर पाटी तोलली जाते. बांबू पोकळ असूनही बळकट का, याचे उत्तर मुलांना येथे मिळते.

हाडाच्या टोकांशी मात्र आत जाळीदार रचना असते. झुरिच येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील या जाळीची रेखाटने केली होती. पूल व यंत्रे यांवरील ताणाचे गणित करणारे अभियंते कुलमान यांच्या पाहण्यात ती आली, तेव्हा भार उचलणाऱ्या यारीत ज्या रेषांनी ताण व दाब वाहतात, जवळजवळ त्याच रेषांत हाडातील जाळी मांडलेली आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. मायर यांनी हा विषय १८६७ साली प्रसिद्ध केला. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनी ‘हाडावरील भार बदलला की त्याची रचनाही बदलते’ हा नियम मांडला. त्याच्या तपशिलात नंतर सुधारणा झाल्या. मूळ तत्त्व टिकून आहे.

३. हे घडते कसे?

भातखाचराचा बांध जेथे पाण्याच्या जोराने खचू लागतो, तेथे शेतकरी नवी माती घालतो. हाडातही अशी डागडुजी अखंड चालू असते. हाडाच्या आत रुतलेल्या पेशींना भाराची जाणीव होते. त्यांच्या संदेशाने एका जातीच्या पेशी जुना भाग काढून टाकतात व दुसऱ्या जातीच्या पेशी तेथे नवा भाग रचतात. प्रौढ माणसाचा सुमारे एक-दशांश सांगाडा दरवर्षी असा नवा होत असतो.

याची उदाहरणे मुलांना रुचतील अशी आहेत. वर्षानुवर्षे टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या दंडाच्या हाडाचे कवच दुसऱ्या दंडाहून सुमारे एक-तृतीयांशाने जाड भरल्याचे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. आपल्याकडे उकिडवे बसण्याची रीत आहे. अशा लोकांच्या घोट्यापाशी नडगीच्या हाडाच्या पुढच्या कडेवर एक लहानशी गुळगुळीत जागा तयार झालेली आढळते. हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबातील लोकांच्या अस्थींवरून याचे वर्णन केले आहे. उलट, भारच नाहीसा झाला तर हाड क्षीण होते. अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्यातील अस्थिद्रव्य दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते. प्लास्टर काढल्यावर हातपाय बारीक दिसतो, तो स्नायू रोडावल्यामुळे. पण आतील हाडानेही थोडे द्रव्य गमावलेले असते.

४. पेरणीचे वय

हाडांचा साठा करण्याचा मुख्य काळ किशोरवय हा होय. परदेशांत झालेल्या दीर्घ निरीक्षणांत मुलींमध्ये साडेबाराव्या व मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास हा वेग सर्वाधिक आढळला, आणि त्याच्या आसपासच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या अस्थिद्रव्याचा सुमारे पाव हिस्सा जमा होतो असे दिसले. तिशीनंतर ही पुंजी हळूहळू खर्ची पडते व पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची ती अधिक झपाट्याने घटते. म्हातारपणी घसरून पडताच आजीचा खुबा मोडतो, त्यामागे बहुधा हीच झीज असते.

आणि याच वयात, सहावी-सातवीत, आपल्या मुली मैदानावरून नाहीशा होतात. ‘आता मोठी झाली’ म्हणून घरचे तिला खेळू देत नाहीत. शाळेतही मुले खेळतात व मुली कडेला बसून पाहतात. पेरणीच्या ऐन दिवसांत शेत पडीक ठेवण्यासारखे हे आहे. ज्या शिक्षकाच्या शाळेत सातवीतील प्रत्येक मुलगी रोज धावते व उड्या मारते, त्याने तिच्या साठाव्या वर्षाची तरतूद केली आहे.

५. कोणता व्यायाम?

हाडाला थोड्या वेळाचा, जोरकस व वेगवेगळ्या दिशांनी येणारा भार मानवतो. कोंबड्याच्या पंखातील हाडावर १९८४ साली केलेल्या प्रयोगात दिवसाकाठी ३६ वेळा दिलेल्या भाराने जेवढी वाढ झाली, त्याहून अधिक वाढ १,८०० वेळा भार देऊनही झाली नाही. म्हणून आठवड्यात एकदा दोन तास दमविण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटे बरी. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांस ना साहित्य लागते ना खर्च. लंगडी मात्र दोन्ही पायांवर आळीपाळीने घालावयास लावावी. कारण ज्या हाडावर भार पडतो तेच बळावते.

६. ओझ्याची मर्यादा

भार हितकर म्हणून कितीही ओझे हितकर, असा अर्थ कोणी काढू नये. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक कोवळा पट्टा असतो; हाड लांबीने तेथूनच वाढते. याच कारणास्तव, पडल्यानंतर मनगट, कोपर किंवा घोटा सुजलेल्या मुलास चोळू-ओढू नये. तो भाग पट्टीच्या आधाराने स्थिर करून मुलास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. तेथील इजा दुर्लक्षिली गेल्यास हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा शासनाचा दंडक आहे. भातसा व तानसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तथापि तालुक्यातील अनेक पाड्यांत उन्हाळ्यात दुरून पाणी आणावे लागते. त्या हंड्याचे गणित वर्गात करावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२ लिटरचा भरलेला हंडा २५ किलो वजनाच्या मुलीच्या डोक्यावर असेल, तर तो तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा झाला, आणि हंड्याचे वजन निराळेच. पालकांना दोष न देता, मुलीकडे लहान कळशी द्यावी व फेऱ्या वाटून घ्याव्यात, एवढे पालकसभेत आदराने सांगावे.

७. आहार

गवंडी कुशल असला तरी विटा हव्यात. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर सडलेल्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी ही गरिबाची म्हणून लाजण्याची वस्तू नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. तीळ, शेवग्याचा पाला, दूध, तसेच काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी याही उपयुक्त होत. अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. मैदानावरील खेळात तेही साधते.

८. वर्गात करावयाचे काम

(अ) भाजलेले हाड चुरते व शिरक्यातील हाड वाकते, याचे कारण लिहा.
(आ) आपल्या दप्तराचे व घरच्या भरलेल्या हंड्याचे वजन काढून स्वतःच्या वजनाशी त्यांचे प्रमाण मांडा.
(इ) आठवड्याभरात आपण किती दिवस धावलो, उड्या मारल्या, याची नोंद ठेवा. मुले व मुली यांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात.

शेवटच्या नोंदीत दोन रकान्यांत मोठी तफावत दिसली, तर शिक्षकांनी वेळापत्रकातील खेळाच्या तासाची आखणी त्याच आठवड्यात बदलावी.