गोलंदाज, गुणलेखक, पंच

खेळाडूची कारकीर्द संपली म्हणजे मैदानाशी असलेले त्याचे नातेही संपले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच पक्का. खो-खो गाजवणारी मुलगी दहावीनंतरही मैदानावर दिसली, की आमच्या गावात चौकशी सुरू होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुढे कोणी चाललेले नसले म्हणजे वाट कशी दिसत नाही, हे थोडेफार ठाऊक आहे. म्हणूनच वृंदा राठी यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करावासा वाटला.

नवी मुंबईच्या राठी या मुंबई विद्यापीठाच्या संघातील मध्यमगती गोलंदाज. भारतीय संघापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. पण खेळ न सोडता त्या गुणलेखनाकडे वळल्या. २०१३ साली महिलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा त्या गुणलेखक होत्या. तेथे न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना पाहून आपणही पंच व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. मग परीक्षा आल्या. क्रिकेट नियामक मंडळाची परीक्षा त्या २०१८ साली उत्तीर्ण झाल्या.

गुणलेखन म्हणजे नुसती आकडेमोड, असे आपण समजतो. वस्तुतः पंचाने चौकार, वाईड, नो-बॉल अशी खूण केली की गुणलेखकाने ती पोचल्याची खूण उलट करायची असते. ती मिळाल्याशिवाय पंचाने खेळ पुढे चालू द्यायचा नाही, असा नियमच आहे. म्हणजे ज्या खुणांना राठी वर्षानुवर्षे उत्तर देत होत्या, त्याच पुढे त्यांना करावयाच्या होत्या.

गोलंदाजाची नजर मात्र त्यांना बदलावी लागली असणार. चेंडू पॅडवर आदळला की गोलंदाजाला फलंदाज बादच दिसतो! पंचाला पाहावे लागते, की टप्पा लेग-स्टंपच्या बाहेर तर पडला नाही ना, आणि पॅड मध्ये नसते तर चेंडू यष्टीवर गेला असता का. शिवाय कोणी अपील केले नाही, तर पंचाने आपणहून फलंदाजाला बाद द्यायचे नाही. अपील हा नियमाप्रमाणे केवळ एक प्रश्न आहे. आवाज कितीही चढला तरी प्रश्नच.

पुरुषांच्या रणजी सामन्यात बाईचे कोण ऐकणार, अशी शंका घेणारे असतीलच. जानेवारी २०२३ मध्ये राठी, एन. जननी व गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी स्पर्धेत पंच म्हणून उभ्या राहिल्या. राठींचा सामना गोव्यात पर्वरी येथे होता, गोवा विरुद्ध पुदुच्चेरी.

त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारत-इंग्लंड महिला कसोटी झाली. महिला कसोटीत पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या राठी या पहिल्या भारतीय महिला. चार दिवसांचा सामना भारताने तिसऱ्याच दिवशी ३४७ धावांनी जिंकला. पहिल्या डावात दीप्ती शर्माने ७ धावांत ५ बळी घेतले. तेव्हा छायाचित्रे तिचीच छापली जाणार, हे रास्तच. मी मात्र धावफलकाच्या तळाशी पंचांची नावे शोधली.